ठमाबाईंनी पुरलेलं जेवण

पहिल्या दिवशी ठमीनं ते मांस पुरलं.

खरंखुरं नव्हे, फरशीवर माती कुठून असणार? पण बशीपाशी आली, वाकून हुंगलं, नाक झटकन मागे घेतलं आणि उजव्या पंजानं बशीभोवतीची फरशी खरवडायला लागली. खर्र, खर्र. एक बाजू झाली, मग वळून दुसरी. लिटरच्या ट्रेमधला, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या मातीतला, कार्यभाग उरकल्यावर करते, अगदी तस्सं. न दिसणारी माती तिनं बशीवर नीट लोटली, एकवार माझ्याकडे पाहिलं आणि शेपूट उभारून निघून गेली.

बशीत ३० ग्रॅम कच्चा खिमा होता. कोंबडीच्या मांडीचं मांस, हृदयाचे तुकडे, नखाएवढं यकृत. मी स्वतः मांस खात नाही. कोंबडीचं हृदय हातात घ्यायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली ती त्या दिवशी. अंगठ्याच्या पेराएवढं, गुळगुळीत, वरच्या टोकाला पिवळट चरबीची टोपी घातलेलं. कात्रीनं दोन भाग केले तर आतून गोठलेल्या रक्ताची काळी गुठळी निघाली, आणि मी कात्री खाली ठेवून पाच मिनिटं खिडकीत जाऊन उभी राहिले. एवढं सगळं करून वाढलेलं पान बाईसाहेबांनी पुरून टाकलं.

(नको असलेलं किंवा उरलेलं अन्न झाकून ठेवायची ही मांजरांची रानातली जुनी सवय, हे मला नंतर कळलं. कळल्यामुळे अपमान काही कमी झाला नाही.)

ठमी तेव्हा सहा वर्षांची होती. दोन महिन्यांची असताना घरी आली, आणि पहिल्या दिवसापासून तिच्या वाडग्यात ड्राय फूड. वाडगा कायम भरलेला. येता-जाता चार दाणे तोंडात टाकायचे आणि पुढच्या कामाला लागायचं. आमच्याही सोयीचं होतं. दाणे नासत नाहीत, हात माखत नाहीत, दोन दिवस बाहेर जायचं झालं तर शेजाऱ्यांना नुसता वाडगा भरायला सांगितलं की झालं. सहा वर्षांत वजन ४ किलो ९०० ग्रॅमवर गेलं आणि आम्ही तिला कौतुकानं ठमाबाई म्हणायला लागलो. कौतुकाचं नाव मिळाल्यावर ते वजन कुणाच्या डोळ्यांवर येईनासं झालं.

मग एका रविवारी ती ट्रेमध्ये बसली ती उठेचना. उठली, दोन पावलं चालली, परत बसली. तासाभरात सहा-सात वेळा. शेवटी न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशीवर जाऊन बसली आणि उठली तेव्हा तिथं दोन थेंब होते. गुलाबी.

डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी केली. खडे नव्हते, मूत्राशयाला सूज होती आणि लघवी अतिशय दाट. “मादी आहे म्हणून आज शांतपणे बोलतोय,” ते म्हणाले. “बोका असता आणि मार्ग तुंबला असता, तर दोन-तीन दिवसांत जिवावर बेतलं असतं. पाणी किती पिते?”

“पिते की.”

“अहो, किती?”

मला सांगता येईना. सहा वर्षं रोज तिचं पाण्याचं भांडं भरणाऱ्या बाईला ते रोज किती रिकामं होतं हे ठाऊक नव्हतं.

“तिच्या पोटात पाणी जास्त गेलं पाहिजे. ओलं अन्न सुरू करा, हळूहळू,” डॉक्टर म्हणाले. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्याचं खापर त्यांच्यावर फुटायला नको. ते ओलं म्हणाले होते. ‘कच्चं’ हा शब्द माझा.

पाण्याची गोष्ट मात्र मनात घर करून बसली. घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं नि पश्चिम आशियातलं रानमांजर, कोरड्या प्रदेशातलं. त्याला पाणवठा रोज सापडेल याची खात्री नव्हती, त्यामुळे त्यानं पाणी शिकारीतूनच मिळवलं. उंदराच्या शरीरात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तहान मंद आणि मूत्रपिंडं अशी की लघवी दाट करून थेंब न् थेंब वाचवतील. या प्राण्याच्या पुढ्यात आपण दाणे ठेवतो, ज्यांत पाणी जेमतेम ६ ते १० टक्के. ठमीच्या दिवसभराच्या ६० ग्रॅम दाण्यांमधून तिला मिळत होतं चमचाभर पाणी. दाणे खाणारं मांजर भांड्यातलं पाणी जास्त पितं हे खरं, पण एकूण हिशेबात ते ओलं खाणाऱ्या मांजराच्या मागेच राहतं. आपली भाषासुद्धा मांजराला डोळे मिटून दूध प्यायला लावते. प्रत्यक्षात मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. या प्राण्याच्या पोटाविषयी आपण एकंदरीत ऐकीव माहितीवरच चाललेलो.

मग मी वाचत सुटले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. आणि अपराधी वाटणारा माणूस वाचायला लागला की त्याला हवं तेच सापडतं. मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी. त्याला गोडाची चवच कळत नाही: फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की गोड ओळखणारा एक जनुक मांजरांमध्ये मोडून पडलेला आहे. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून त्याला अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, उन्हात बसून ड जीवनसत्त्व बनवता येत नाही. स्वतःच्या मर्जीनं शिकार करून जगणाऱ्या मांजरांच्या आहाराचा हिशेब मांडला तर निम्म्याहून अधिक ऊर्जा प्रथिनांमधून येते आणि पिष्टातून जवळजवळ काहीच नाही. आणि माझ्या घरच्या दाण्यांत पीठच पीठ. ते असणारच, पिठाशिवाय दाणा फुलत नाही, आकार धरत नाही. मळलेला गोळा दाब आणि उष्णता देऊन साच्यातून बाहेर ढकलायचा की तो फुलून दाणा होतो. आधी हे तंत्र सकाळच्या नाश्त्याच्या धान्यांसाठी वापरात होतं, मग १९५०च्या दशकात जनावरांच्या खाद्याकडे आलं.

सगळं खरं. पण या खऱ्या गोष्टींची माळ ओवून मी जो निष्कर्ष काढला, की उद्यापासून दाणे बंद, कच्चं मांस सुरू, तो मात्र शुद्ध आततायीपणा होता.

पहिल्या दिवशी तिनं पुरलं. दुसऱ्या दिवशी पुरलं. तिसऱ्या दिवशी बशीकडे आलीच नाही, लांबूनच वळली. मी एका मैत्रिणीला फोन केला. तिच्याकडे तीन मांजरं आणि प्रत्येक प्रश्नाचं एक उत्तर. “अगं, लाड बंद कर. दोन दिवस दुसरं काही देऊ नकोस. भूक लागली की झक मारत खाईल.”

शुक्रवारी रात्री मी दाण्यांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. शनिवारी सकाळी ठमी त्या कपाटासमोर बसली. दुपारी बसली. संध्याकाळी पायात घोटाळली, ओरडली. कच्चा खिमा दर काही तासांनी नवा ठेवत होते, तो तसाच. रात्री आई म्हणाली, “अगं, मुक्या जिवाचे हाल का करतेस?” मी तिला मांजराच्या उत्क्रांतीवर व्याख्यान दिलं. रविवारी सकाळी ठमी कपाटासमोर नव्हती. कुठेच नव्हती. शोधल्यावर वॉशिंग मशीनच्या मागे सापडली, चारही पाय पोटाखाली घेऊन, भिंतीकडे तोंड करून. हाक मारली तर कान हलला, मान वळली नाही.

छत्तीस तास झाले होते. डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, “आत्ताच्या आत्ता तिचे नेहमीचे दाणे द्या. खाल्ले नाहीत तर तासाभरात घेऊन या.” आणि मग समजावून सांगितलं. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की शरीर चरबी मोकळी करतं आणि ती सगळी धावते यकृताकडे. माणसाचं यकृत, कुत्र्याचं यकृत ती बऱ्यापैकी निभावून नेतं. मांजराचं यकृत नेत नाही. चरबी तिथंच साठत जाते, यकृत काम थांबवायला लागतं, कावीळ होते. दोन-तीन दिवसांचा उपाससुद्धा पुरतो. जितकं मांजर जाड, तितका धोका जास्त. “भूक लागली की खाईल, हे मांजराच्या बाबतीत खरं नाही,” ते म्हणाले. “जे तिला अन्नच वाटत नाही ते ती भुकेनं मरायला टेकली तरी खाणार नाही. तिच्या लेखी तुम्ही बशीत साबण ठेवलाय.”

मी डबा काढला. स्टीलच्या वाडग्यात पहिला दाणा पडला, टण्ण. मशीनमागून डोकं बाहेर आलं. ती चालत आली, खाल्लं, फार भराभर खाल्लं, आणि दहा मिनिटांनी त्यातलं निम्मं ओकून टाकलं. ते पुसताना मला जे वाटलं ते इथं लिहीत नाही.

लिहिते ते एवढंच, की ‘मांजर हट्टी आहे’ हे वाक्य मी त्या दिवसापासून वापरत नाही. हट्टाचा प्रश्नच नव्हता. कोणती वस्तू अन्न आहे हे मांजर फार लहानपणी ठरवून टाकतं, आईच्या दुधावरून सुटण्याच्या त्या काही आठवड्यांत. आई जे खाते ते अन्न. पुढ्यात जे येतं ते अन्न. एकाच वासाचे, एकाच आकाराचे, एकाच कुरकुरीत पोताचे दाणे खाऊन वाढलेल्या मांजराला मऊ, ओला, थंड गोळा हे अन्न आहे हे कुणी सांगायचं? त्यात दाण्यांवर कारखान्यात शेवटी जो लेप फवारतात तो प्राण्यांच्या मांसाचे नि अवयवांचे भाग विकरांनी विरघळवून केलेला असतो, मांजराच्या नाकाला वेड लावणारा. तिनं सहा वर्षं तो वास हुंगला. मी तीन दिवस खिमा ठेवला.

यानंतर मी एक शाळकरी वही केली. ती अजून आहे. रोजची तारीख, ग्रॅम, आणि शेवटच्या रकान्यात एक अक्षर. हु म्हणजे हुंगलं. चा म्हणजे चाटलं. खा म्हणजे खाल्लं. पु म्हणजे पुरलं. पहिली तीन पानं पु-पु-हु-पु-हु-हु अशी, कुणी लहान मूल आगगाडी-आगगाडी खेळतंय अशी वाचता येतात.

सुरुवात मांसापासून केलीच नाही. आधी फक्त वेळा लावल्या. भरलेला वाडगा उचलला आणि तेच दाणे, तितकेच, दिवसातून चारदा. वीस मिनिटं ठेवायचे, उरलेले उचलायचे. एवढ्यानंच निम्मं काम होतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण दिवसभर चरणाऱ्या मांजराला भूक अशी कधी लागतच नाही, आणि भुकेशिवाय नव्या चवीकडे कोण बघतं? ही भूक चार-पाच तासांची, छत्तीस तासांची नव्हे. दोन आठवडे गेले. मग दाण्यांच्या शेजारी, दुसऱ्या उथळ बशीत, अर्धा चमचा वेट फूड. खायला नव्हे, नुसतं शेजारी असायला. पंधराएक दिवस ती त्या बशीला वळसा घालून दाण्यांकडे जात होती. मग एक दिवस वहीत हु. मग चा.

तिथून पुढे खलबत्ता कामाला आला. तिचे दाणे कुटून त्यांची पूड केली आणि वेट फूडवर भुरभुरली, एखाद्या पदार्थावर शेवटी वरून काही भुरभुरावं तशी. वास ओळखीचा, पोत नवा. पूड रोज चिमटीभर कमी. मग वेट फूडमध्ये खिमा: पहिल्या दिवशी वाटाण्याएवढा. ती शोधून काढायची आणि बाजूला ठेवायची. बशी चाटून पुसून लख्ख, आणि कडेला एक वाटाणा. काही दिवसांनी दोन वाटाणे. एकदा तिनं तीन वाटाणे एका ओळीत ठेवले होते. मला वाटतं तो योगायोग होता.

बदल घडवला तो तापमानानं. खिमा मी फ्रीजमधून काढून तसाच देत होते. एके दिवशी काही कारणानं पिशवी गरम पाण्याच्या भांड्यात विसरले आणि तो कोमट झाला. ती लांबून नाक वर करून आली. यात विशेष काही नाही, नुकता मारलेला उंदीर फ्रीजसारखा थंड नसतो. मांजराला अन्न साधारण ३७ अंशांवरचं, म्हणजे जिवंत शरीराच्या ऊबेचं, सगळ्यात आवडतं. वासही त्याच ऊबेनं सुटतो. मायक्रोवेव्ह मात्र कामाचा नाही, मांस कडेनं शिजतं आणि मध्ये गार राहतं. हवाबंद पिशवी, गरम पाण्यात दहा मिनिटं, मग मनगटावर थेंब टाकून पाहायचं, बाळाच्या बाटलीसारखं.

वहीत ५३व्या दिवशी पहिलं निर्विवाद खा आहे, लाल शाईनं. त्या दिवशी मी खिम्याऐवजी मांडीचा लांबट तुकडा दिला होता, करंगळीएवढा. तिनं तो आधी पंजानं उलटा केला. मग मान डावीकडे कलती करून तोंडाच्या कडेनं धरला, डोळे बारीक केले, आणि चावायला लागली. मी सहा वर्षांत तिला चावताना पाहिलं नव्हतं. दाणे ती नुसते गिळायची, फार तर एकदा कुडुम. आता जबड्याच्या मागच्या दातांमध्ये मांस जात होतं आणि कात्री कापडातून जावी तसा दबका आवाज येत होता: च्यक, च्यक. मांजराचे मागचे दात दळायचे नसतातच, कापायचे असतात; वरचा दात खालच्याच्या बाहेरून घसरत जातो. एका बाजूनं दमली की तुकडा जिभेनं दुसऱ्या बाजूला. त्या करंगळीभर मांसाला तिला चार मिनिटं लागली. मग ती बसली आणि बराच वेळ मिश्या पुसत राहिली.

या दरम्यान दुसरी लढाई चालू होती, ती माझी आणि वजनकाट्याची. ‘कच्चं म्हणजे नैसर्गिक, नैसर्गिक म्हणजे संपूर्ण’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं होतं की खरं धरून चालले होते. डॉक्टरांनी मला प्राण्यांच्या आहाराचा अभ्यास असलेल्या एका तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं आणि त्यांनी पहिल्याच भेटीत हवा काढली. “उंदीर संपूर्ण आहे,” त्या म्हणाल्या. “कोंबडीची मांडी म्हणजे उंदीर नव्हे.” उंदरात हाडं असतात, मेंदू, रक्त, यकृत, आतडी, सगळंच. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच, साधारण पंधरास एक. शरीराला दोन्ही जवळपास बरोबरीनं लागतात, कॅल्शियम किंचित जास्त. ते बाहेरून मिळालं नाही तर शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं, आणि नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लांची हाडं साध्या उडीनं मोडतात. मग यकृत घाला म्हणावं तर त्यात अ जीवनसत्त्व इतकं की रोज भरपूर यकृत खाणाऱ्या मांजराच्या मानेचे मणके एकमेकांना जुळून जातात. मासे द्यावेत तर कित्येक कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर. त्यांनी मला ग्रॅमवारी पाककृती लिहून दिली: मांडी, हृदय, बेतानं यकृत, कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड, शिवाय टॉरिन (मांसात असणारं एक अमिनो आम्ल), आयोडीन, झिंक, मँगनीज, ई जीवनसत्त्व. कागद पाहून मी म्हटलं, हे तर दाण्यांच्या पाकिटामागच्या यादीसारखंच दिसतंय. त्या हसल्या. “मग? मांजर तेच आहे ना?”

टॉरिनची गोष्ट त्यांनीच सांगितली, आणि मी नंतर ती शोधून वाचली. कॅलिफोर्नियात फ्रान्सिस पॉटेंजर नावाचे डॉक्टर होते. १९३२ ते १९४२ या दहा वर्षांत त्यांनी सुमारे ९०० मांजरांवर प्रयोग केले. काहींना कच्चं मांस, काहींना शिजवलेलं. शिजवलेलं खाणारी मांजरं पिढीगणिक खंगत गेली. कच्चं खाणारी ठणठणीत. कच्च्या आहाराची बाजू घेणारे आजही हा दाखला देतात, आणि मीही माझ्या आईला तोच दिला होता. पण पॉटेंजरांच्या काळात कुणालाच माहीत नव्हतं की मांजराला टॉरिन बाहेरूनच लागतं. ते शिजवताना पाण्यात उतरतं आणि पाणी ओतून दिलं की जातं. १९७५ मध्ये कळलं की टॉरिनशिवाय मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पिऑन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फुगून दुबळं झालेलं मांजराचं हृदय निव्वळ टॉरिन दिल्यावर सावरू शकतं. त्यातली बरीच मांजरं विकतचं, नामांकित खाद्य खात होती. म्हणजे शिजवलेल्याच्या प्रयोगात मांजरं खंगली आणि कारखान्यातलं खाऊनही आजारी पडली, आणि दोन्हीकडे बहुधा एकाच पदार्थाची वाण होती. त्यानंतर खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं आणि तो हृदयविकार विरळा झाला. कोंबडीच्या हृदयात टॉरिन भरपूर असतं. ज्या हृदयांनी मला खिडकीत उभं केलं होतं, ती मी आता निमूट कात्रीनं कापत होते. सवय कुणाकुणाला लागते बघा.

जुलैअखेर ठमी पूर्ण कच्च्यावर होती. रोज १६५ ग्रॅम, चार वेळांत विभागून. वजन आठवड्याला ३०-४० ग्रॅमनं उतरत ४ किलो ३०० वर आलं. त्याहून वेगानं उतरू द्यायचं नाही अशी ताकीद होती. विष्ठा निम्म्याहून कमी, कोरडी, जवळजवळ वास नसलेली. भांड्यातलं पाणी प्यायचं तिनं जवळपास सोडलं आणि मी पुन्हा घाबरले, मग कागदावर हिशेब केला: १६५ ग्रॅम मांसातून ११५-१२० मिलिलिटर, वर प्रत्येक वाढपात मी घालत होते ते दोन चमचे. ट्रेमधले लघवीचे गोळे लिंबाएवढे होते ते संत्र्याएवढे झाले. ट्रे साफ करताना इतका आनंद होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. गुलाबी थेंब परत दिसले नाहीत. हे कच्च्यामुळे की ओल्यामुळे, की चार वेळा ठरलेल्या वेळी जेवल्यामुळे, की वजन उतरल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. डॉक्टरांचं मत विचाराल तर, “ओल्यामुळे.” त्यांना कच्चं मनापासून कधीच पटलं नव्हतं. दर भेटीत एकदा तरी विचारायचे, “ओटा कशानं पुसता?”

मी पुसत होतेच. वेगळा पाट, वेगळी सुरी, वेगळी कात्री, उकळतं पाणी. अर्ध्या तासात न संपलेलं फेकायचं. पण अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं दोन वर्षं केलेल्या एका पाहणीत विकतच्या कच्च्या खाद्याच्या १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला होता. गोठवण्यानं हे जंतू मरत नाहीत, झोपतात. निरोगी मांजराचं पोट बरंचसं निभावतं. तिच्या तोंडातून, पंजांतून, ट्रेमधून ते माणसांपर्यंत येतात. माझी आई सांध्यांच्या आजारासाठी जी औषधं घेते त्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. आणि ठमी दुपारी झोपते आईच्या उशीवर. जेवल्यावर. मिश्या पुसून झाल्यावर.

हे मला माहीत होतं. माहीत असून मी पाच महिने ढकलले, कारण इतक्या कष्टानं मिळवलेलं खा मला सोडवत नव्हतं. मग २०२४च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ओरेगनमधली बातमी आली. घराबाहेर कधी न गेलेलं एक मांजर बर्ड फ्लूनं गेलं, आणि त्याच्या अंगातला विषाणू त्यानं खाल्लेल्या कच्च्या गोठवलेल्या खाद्यातल्या विषाणूशी जुळला. त्याच्या आदल्या वर्षी पोलंडमध्ये मांजरं अशीच पटापट गेली होती, तेव्हाही कच्च्या मांसावर संशय होता. मी बातमी आईला वाचून दाखवली नाही. फ्रीझरमधल्या अकरा पिशव्या मोजल्या, परत आत ठेवल्या, आणि तज्ज्ञ बाईंना फोन केला.

“मग शिजवा,” त्या म्हणाल्या, जणू मी रुमाल कसा घडी घालू असं विचारलं होतं.

शिजवायचं म्हणजे मंद आचेवर, मांसाच्या पोटात ७४ अंश होईपर्यंत. सुटलेलं पाणी ओतायचं नाही, त्यातच राहू द्यायचं. टॉरिन आणि जीवनसत्त्वं निवाल्यावर. टरफलाची पूड आहेच. हाड मात्र शिजवून कधीच नाही, त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात.

मी पुन्हा पहिल्यापासून तयारी केली. नवीन वही. खलबत्ता धुऊन ठेवला. वाटाण्याएवढा शिजलेला तुकडा कच्च्याच्या शेजारी, आधी फक्त शेजारी असायला. पुन्हा ५३ दिवस लागतील, जास्तही लागतील, असं आईला सांगून ठेवलं.

ठमी आली. हुंगलं. शिजलेला तुकडा खाल्ला, मग कच्चा खाल्ला, मग बशी चाटली आणि माझ्याकडे पाहिलं: एवढंच?

मी भांड्यातलं सगळंच वाढलं. तिनं मान कलती करून, डोळे बारीक करून, सावकाश संपवलं. आई ओट्याला टेकून पाहत होती. “हे आधीच का नाही केलंस?” तिनं विचारलं. मला जरा राग आला, खरं सांगायचं तर ठमीचा जास्त. इतक्या महिन्यांची माझी तत्त्वनिष्ठा, पॉटेंजर, रानमांजर, रात्रीची वाचनं. आणि हिला कच्चं-शिजलेलं असा काही भेदच नव्हता. ऊन होतं, ओलं होतं, ओळखीचा वास होता. नव्या वहीत एकच अक्षर आहे. बाकीची पानं मी किराण्याच्या याद्यांना वापरते.

दाण्यांचं शेवटचं पाकीट अजून डब्यात आहे, वरच्या फळीवर. रोज रात्री मी तीन दाणे काढते. प्रवासात किंवा आजारपणात कधी लागले तर चव विसरायला नको, असं मी डॉक्टरांना सांगितलंय, आणि ते खरंही आहे. डबा उघडण्याआधीच ती येऊन बसलेली असते. मी एकेक दाणा स्टीलच्या वाडग्यात टाकते. टण्ण. ती चावत नाही. तसाच गिळते.